पडण्याचा मान

कोल दे लारेस, १४ नोव्हेंबर १९९३

बुर्गी आत्यास कोर्बीचा लांबूनच नमस्कार. जवळ येऊन केला असता तर तू कान धरला असतास.

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले, हे मला ठाऊक आहे. उत्तर लिहायला मी तीनदा बसलो. पहिल्यांदा पेन सापडलं नाही. दुसऱ्यांदा सापडलं, पण त्याच दिवशी शेजारच्या गावात गुरं डोंगरावरून खाली आणायची होती आणि गाईंचे फुलांचे मुकुट बांधायला एक माणूस कमी पडत होता. म्हणून गेलो, तो चार दिवसांनी परत आलो. (गाईला मुकुट घालणं सोपं असतं असं वाटतं ना? ती तो खाते.) तिसऱ्यांदा मात्र खरंच बसलो, ‘प्रिय आत्या’ एवढं लिहिलं आणि अडकलो. तुझ्या पत्रात प्रश्न एकच, ‘पुढे काय करायचं ठरवलंयस?’ असं विचारल्यावर माणूस उत्तर पाठवील तरी कसा?

सध्याचं सांगतो. सुतारशाळा सोडल्याचं बाबांनी तुला रंगवून सांगितलंच असेल. इटलीच्या बाजूच्या या खोऱ्यात मी एका लिफ्टवर लागलोय. लिफ्ट म्हणजे आपल्याकडच्यासारखी खुर्चीची नव्हे. दोरीला दांडे टांगलेले असतात, ते येणाऱ्याच्या बुडाखाली सरकवायचे, की माणूस स्कीवर उभ्याउभ्या वर ओढला जातो. अजून बर्फ नाही, म्हणून खांब रंगवतोय. बर्फ पडला की दिवसाला सहाशे बुडं. घराण्याचं नाव काढतोय बघ.

आणि आत्या, हे काय ऐकतो? इथल्या एका गड्यानं पेपर दाखवला: बायकांची उतारशर्यत सत्तावीस वर्षांनी पुन्हा आपल्या हिंटरग्राटला, पंधरा जानेवारीला! तू पत्रात चकार शब्द काढला नाहीस. सहा वेळा ती शर्यत जिंकणाऱ्या बायका गावात कितीशा आहेत? मिरवणुकीत तुलाच पुढे बसवणार असतील. मोठ्या चषकातल्या छत्र्या तेवढ्या आधी काढ. आणि सुवर्णपदक चुलीवरच्या खिळ्याला आहे, तिथे डाव अडकवायची जागा आहे असं माझ्या मित्रांना अजून वाटतं.

तुझा नालायक,
कोर्बी


हिंटरग्राट, २२ नोव्हेंबर

चि. कोर्बिनियान यास अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे उत्तर उशिरा आल्याबद्दल परत घेते.

मिरवणूक कसली आणि काय. ऐक आता. शर्यतीसाठी उताराचा नवा नकाशा छापतायत. हातभर मोठा, चार भाषांत, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात देणार. त्यात उतारावरच्या एकेका जागेचं नाव येणार. आणि आपल्या गावची रीत तुला माहीत आहे: जागेला नाव मिळतं ते तिथे पडणाऱ्याचं. जिंकणाऱ्याचं नाही. लोहार पडला ते लोहाराचं वळण. पाद्रीबुवा झग्यासकट गडगडले ती पाद्र्याची घळ. आणि सरायवाला हुबर्ट! बावीस वर्षांपूर्वी सरावात एकदा तोंडावर आपटला आणि तेव्हापासून ‘हुबर्टची कड, हुबर्टची कड’ करत मिशीला पीळ देत फिरतो. जन्मात त्याचा नंबर बाराव्याच्या वर गेला नाही.

आणि मी सहा वेळा उभी राहून खाली आले, म्हणून माझं नाव कुठेच नाही.

मला त्याचं काही नाही. पण परवा स्कीशाळेतली एक पोर माझ्या जेवणघरात दूध पीत होती. भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, “हे काका कोण?” (फोटोवर मिशी लहानपणी तूच पेनानं काढली होतीस. अजून निघत नाही.) मी म्हटलं, “काका नाही, मी आहे.” तर म्हणते, “मग तुम्ही पण कुठेतरी पडला होता का?”

म्हणून आता तुला एक सांगते, जे तुझ्या बापालाही माहीत नाही. मी पडले होते. एकसष्ट साली, शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या सरावात. दाट धुकं होतं. पाद्र्याच्या घळीच्या खाली जो उंचवटा आहे ना, नाव नसलेला, तिथे. मी ते कुणाला कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शर्यत जिंकले, मग कोण कशाला विचारतंय?

हुबर्टकडे पडझडीची वही असते. त्यात पडल्याची नोंद व्हायला साक्षीदार लागतो. तो तिथे उतारावर हजर असलेला हवा आणि पडणाऱ्याच्या घरचा नको. माझा साक्षीदार एकच, फिलोमेना ताम्मेर्स. त्या शर्यतीत ती दुसरी आली होती. ती तुझ्याच खोऱ्यात राहते, कुठेशी वरच्या अंगाला. तिच्याकडून दोन ओळी आणि सही घेऊन पाठव. नकाशा तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला छापायला जातो. मी स्वतः येऊ शकत नाही. पाहुण्यांच्या सहाच्या सहा खोल्या नाताळापासून भरलेल्या आहेत. मला चर्चला जायला फुरसत नाही, तर इटलीला कुठली!

माझं नाव सांगू नकोस आधी. हळूच विषय काढ.

तुझी आत्या
नोटबुर्गा

ता.क. पुढे काय करायचं ठरवलंयस?


कोल दे लारेस, ६ डिसेंबर

आत्या,

दोन आठवडे लागले, पण या वेळी माझा दोष निम्माच. मी पहिल्याच रविवारी निघालो होतो. वाटेत कुणाच्या तरी आजोबांच्या बाराव्याचं असावं तसं काहीतरी जेवण चाललेलं. मी नुसता रस्ता विचारला, तर त्यांनी आत बसवलं. पालकाचे उकडलेले गोळे, त्यावर लोणी, वर किसलेलं चीज. आजोबा फार चांगले होते असं सगळे म्हणत होते, शेवटी शेवटी मीही म्हणायला लागलो. उजेड गेला, परत आलो. दुसऱ्या रविवारी पोहोचलो.

फिलोमेनाबाईंचं घर रस्त्याच्या खाली आहे. पोस्टाची बस वर थांबते आणि तिथून चाळीस-एक दगडी पायऱ्या उतरत जावं लागतं. बाई उंच, पाठ ताठ, केस पांढरे नि आखूड. गाईंच्या घंटांचे चामडी पट्टे शिवतात. मी हळूच विषय काढायच्या तयारीत होतो. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, “हे नाक मी ओळखते. बुर्गीचा कोण तू?”

“भाचा,” मी म्हटलं.

“मग आधी लाकडं फोड. तुमच्या घरच्यांना बसायला सांगितलं तर ऐकायची सवय नाही.”

दोन तास लाकडं फोडली. मग जेवायला बसलो, इथेही गोळेच. मग तुझी मागणी सांगितली. आत्या, ती बाई इतकी हसली की हातातली सुई खाली पडली. मीच टेबलाखाली शिरून शोधली.

“पडली होती का म्हणून विचारतोस? अरे, पडलीच होती! माझ्या अंगावर पडली होती!”

म्हणजे झालं असं, की धुक्यात त्या उंचवट्यावर आधी त्याच पडल्या. उठताहेत तोवर मागून तू आलीस ती थेट त्यांच्यावर. “म्हणजे नियमानं तो उंचवटा कुणाचा?” मला विचारतात. “आधी पडणाऱ्याचा की नंतर पडणाऱ्याचा?”

मी दुसरा गोळा खाल्ला.

“तिला लिही,” म्हणाल्या, “शर्यत तिनं माझ्याकडून अकरा शतांश सेकंदांनी नेली. ठीक आहे, नेली. पडण्यात मी तिच्यापुढे किमान वीस सेकंद होते. ते मी सोडणार नाही.”

सही मिळाली नाही. चीज मिळालं. सोबत पाठवतोय, वास आला तर पोस्टमनला दोष देऊ नकोस, ते तसंच असतं.

कोर्बी


हिंटरग्राट, ११ डिसेंबर

कोर्बिनियान,

चीज पोहोचलं. खोली नंबर तीनमधले पाहुणे खोली बदलून मागतायत.

तिला सांग, ती पडली नव्हती. ती बसली होती. मी आले तेव्हा ती बर्फात बुड टेकून बसलेली होती आणि स्कीच्या पट्ट्याशी काहीतरी करत होती. बसण्याला पडणं म्हणत नाहीत. बसणाऱ्यांची नावं द्यायला लागलो, तर अख्ख्या उताराला शाळेच्या सहलींची नावं द्यावी लागतील.

हुबर्ट रोज विचारतो, “काय बुर्गी, साक्षीदार उगवला का?” आणि दात काढतो. काल मुद्दाम नकाशाचा कच्चा कागद आणून दाखवला. त्याची कड ठळक अक्षरांत आहे. त्या उंचवट्यावर नुसतं एक टिंब.

ताबडतोब जा. जेवणं कमी कर.

आत्या


कोल दे लारेस, १९ डिसेंबर

आत्या,

ताबडतोब गेलो. बर्फ पडल्यामुळे बुडांचा धंदा जोरात आहे, तरी एक दिवस बदली माणूस बघून गेलो. तो बदली माणूस अकॉर्डियन इतका सुंदर वाजवतो की... ते जाऊ दे.

तुझं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “धुक्यात, उतारशर्यतीच्या वाटेवर, मधोमध, कोण सहज बसतं रे? मी काय डबा खायला बसले होते? पडले, पडल्यावर पट्टा सुटला, तो लावत होते.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “तुझी आत्या हरायला लागली की शब्दांचा कीस काढते. अजून तशीच आहे.” हे त्या रागानं म्हणाल्या असं तुला वाटेल, पण तसं नव्हतं. सुटीत भेटलेल्या बहिणीबद्दल बोलावं तशा बोलल्या.

आता पुढचं लिहू की नको, यावर मी तीन दिवस काढलेत. मला यातलं काही कळत नाही, पण ऐकलं ते लिहितो.

बटाटे सोलता सोलता त्यांनी आपणहून सांगितलं. तुझं मनगट मोडलं होतं त्या दिवशी. त्यांनी आपला लोकरी मोजा काढून तुझ्या हाताला आवळून बांधला, वर तुझा हातमोजा चढवला. संघाच्या डॉक्टरला कळलं असतं, तर तुला दुसऱ्या दिवशी उभंच राहू दिलं नसतं. तू त्यांना म्हणालीस, “सांगू नकोस.” त्यांनी सांगितलं नाही. एका पायात मोजा नसताना खाली आल्या. दुसऱ्या दिवशी तू मोडक्या हातानं जिंकलीस. नुसतं एक वाक्य बोलल्या असत्या, तर शर्यत त्यांची होती.

मी विचारलं, “मग का नाही बोललात?”

“तिला हरवायचं होतं मला,” म्हणाल्या. “डॉक्टरकडून नव्हे.”

त्या वर्षानंतर त्यांना संघात घेतलं नाही. का ते सांगितलं नाही. विषय बदलून मला विचारलं, “पुढे काय करायचं ठरवलंयस?” तुम्ही बायका हे वाक्य कुठे शिकता?

आत्या, बत्तीस वर्षांत तू त्यांना एकदा तरी पत्र लिहिलंस? मी उत्तर उशिरा देतो, पण देतो तरी.

चिडू नकोस.
कोर्बी


हिंटरग्राट, २७ डिसेंबर

कोर्बी,

चिडले नाही. खोल्या भरलेल्या आहेत आणि मी कपाळाला हात लावून बसले आहे. दूध उतू गेलं दोनदा.

तिनं मनगटाचं सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं नाही, होय ना? मला वाटलंच.

आमच्या वेळी सरावात उतारावर प्रत्येक वळणाशी एक माणूस उभा असे. आधीचा खेळाडू पुढे गेला की तो ‘वाट मोकळी’ म्हणून वर ओरडे, त्याच्या वरचा ऐकून ओरडे, असं करत करत आवाज सुरुवातीपर्यंत येई. तो आल्याशिवाय निघायचं नाही. त्या दिवशी आवाज आला नव्हता. मला धुकं आणखी दाटायच्या आत एक फेरी जास्त मारायची होती. मी निघाले. तिथल्या म्हाताऱ्यानं हात धरला, तो झटकून निघाले.

ती पडलेली होती. बसलेली नव्हती. माझी स्की तिच्या गुडघ्यावर बसली, तो आवाज मी ऐकला. दुसऱ्या दिवशी ती तो गुडघा बांधून उतरली आणि अकरा शतांशांनी हरली. पुढच्या वर्षी संघात का नव्हती, ते तिनं तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तशीच आहे तीही.

पत्र मी लिहिलं. पुष्कळदा लिहिलं. ‘प्रिय फिलोमेना’ इथपर्यंत जमायचं. तुझी सवय कुठून आली, ते बापाला विचारू नकोस.

आज सकाळी हुबर्टकडे गेले आणि वही मागितली. उंचवट्यापुढे लिहिलं: फिलोमेना ताम्मेर्स, सराव, १९६१. साक्षीदार: मी. मी तिच्या घरची नाही आणि उतारावर हजर होते, म्हणजे नियमात बसतं. हुबर्ट म्हणाला, “अगं, पण ती परकी!” मी म्हटलं, “पडताना आपल्याच डोंगरावर पडली ना?” त्यानं कच्च्या कागदावर नाव घातलं. माझ्यासमोर. फिलोमेनाचा उंचवटा.

तिला यातलं काही सांगू नकोस. नकाशा छापला की एक प्रत पाठवून दे, बस.

आत्या


कोल दे लारेस, ३ जानेवारी १९९४

आत्या,

हे पत्र मी फिलोमेनाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितोय, त्यावरून काय ते समज. हो, सांगितलं. सांगितलं नाही, सगळं पत्र वाचूनच दाखवलं, दूध उतू गेल्यासकट. तू म्हणशील, या पोराच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरंय. पण बत्तीस वर्षं तीळ भिजत ठेवून तुम्ही दोघींनी काय मिळवलंत, तेही सांग.

ऐकून त्या उठल्या आणि गोठ्यात गेल्या. तासभर आल्या नाहीत. मी दोनदा दारापर्यंत गेलो, दोनदा परत आलो. गाय धुवून, परत धुवून, आल्या त्या बाह्या ओल्याच. पहिलं वाक्य: “गुडघा? कसला गुडघा? तो मी गवताच्या गाडीवरून पडले तेव्हाचा.”

मी म्हटलं, “कोणत्या साली?”

“तुला काय करायचंय साल? जन्मला होतास का?”

एवढं बोलून खुर्चीत बसताना डावा पाय सरळ पुढे सोडून बसल्या. दर वेळी तशाच बसतात, मला आजवर वाटायचं, ऐट आहे.

मग थोड्या वेळानं भडकल्या. माझ्यावर नाही, तुझ्यावर. “बघ, बघ! पुन्हा पुढे गेली! मी सही अडवून धरली म्हणून मी कोती ठरले आणि ही उदार होऊन बसली! हे मी चालू देणार नाही.” माझ्या हातात कागद कोंबला, “लिही: मी खाली सही करणारी फिलोमेना ताम्मेर्स असं सांगते, की एकसष्ट साली त्या उंचवट्यावर नोटबुर्गा पडली, ती मी डोळ्यांनी पाहिली, आणि मी स्वतः फक्त बसले होते.”

“पण तुम्ही तर पडला होता,” मी म्हटलं.

“तू तिथे होतास?”

सही केलीय. कागद माझ्यासमोर आहे. आता गंमत अशी, की वहीत तुझ्या साक्षीनं त्यांचं पडणं आहे आणि या कागदावर त्यांच्या साक्षीनं तुझं. तीन दिवसांनी नकाशा छापायला जाणार. मी हे टपालात टाकलं तर सणाच्या दिवशी पोहोचणार नाही, आणि स्वतः घेऊन निघालो तर मी वाटेत कुठे जेवायला बसेन, याची मला आत्ताच काळजी वाटते. हुबर्टला फोन करावा म्हटलं, तर बाई म्हणतात, “तो फोनवरचं ऐकून वहीत लिहील? हातात कागद पडल्याशिवाय काही करायचा नाही तो.” कसं करायचं ते तूच

थांब. वर बस थांबली. या वेळेला इथे कुणी उतरत नाही.

एक बाई उतरलीय. हिरवा कोट, डोक्याला रुमाल, हातात एवढीशी पिशवी. ड्रायव्हर काहीतरी सांगतोय, ती ऐकून घेत नाही. पायऱ्यांकडे निघाली. फिलोमेनाबाई खिडकीशी येऊन माझ्या खांद्यावरून बघतायत. त्यांनी ॲप्रन सोडला. परत बांधला. आता म्हणतात, “सहा खोल्या कुणाच्या भरवशावर टाकून आली ही बया?”

आत्या, तूच आहेस. सगळ्या पायऱ्यांवर काल रात्रीचा बर्फ काचेसारखा गोठलाय. बाईंनी खिडकी सताड उघडलीय आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडतायत, “बुर्गी! कठडा धर! माझ्या दारात पडलीस, तर त्या पायरीला तुझं नाव द्यावं लागेल मला!”

तू कठडा धरत नाहीयेस.